स्वप्नात धुकं नसतं

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की थिएटरात आपण अर्धे झोपेतच असतो, अंधार असतो, हलायचं नसतं, समोर जे चाललंय त्यात आपल्याला काहीच करता येत नाही आणि तरी छाती धडधडते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्यात बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवले, फक्त स्वप्न आणि सिनेमा. पत्रं थोडी कापलीत. नाव कुणाचंच छापत नाही, स्वप्न ही घरातली गोष्ट असते, ती चारचौघात सांगताना नाव कशाला.

प्रश्न : ताई, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चार मित्र मिळून बारा मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय, माझ्या आजीवर. आमचं जुनं घर गावभागात, २०१९ च्या पुरात तळमजला पूर्ण पाण्यात होता. तेव्हापासून आजीला एकच स्वप्न पडतं. घरात पाणी येतंय पण आवाज काहीच नाही, आजोबा (ते पुराच्या आधीच वारलेत) कॉटवर पेपर वाचत बसलेत, पाय पाण्यात, आणि आजी त्यांना विचारते चहा टाकू का, ते म्हणतात टाक, साखर कमी. बास, एवढंच स्वप्न. आम्ही ठरवलंय की फॉग मशीन भाड्याने आणायचं, सगळं स्लो मोशनमध्ये, निळा कलर आणि मागे घुमणारा आवाज. एक मित्र म्हणतो फ्रॉईड नावाच्या मानसशास्त्रज्ञाप्रमाणे पाणी म्हणजे जन्म, त्यामुळे शेवटी एक बाळ दाखवू. तुम्हाला काय वाटतं?
— एक विद्यार्थी, विश्रामबाग

उत्तर : अरे बाळा, आधी ते फॉग मशीन कॅन्सल कर. पैसे अजून दिले नसशील तर आजच फोन कर.

तुझ्या पत्रात सगळ्यात जबरदस्त काय आहे माहितीये का, 'साखर कमी'. घरात पूर आलाय, गेलेला माणूस कॉटवर बसलाय आणि बोलणं काय तर चहात साखर किती. हेच स्वप्न असतं रे. स्वप्नात धुकं नसतं, धुकं सिनेमावाल्यांनी आणलं, प्रेक्षकाला 'हे खरं नाही हं' असं आधीच सांगून टाकायला. स्वप्न बघणाऱ्याला मात्र त्या क्षणी ते शंभर टक्के खरं असतं. आजीला स्वप्नात एकदा तरी वाटतं का, की हे तर वारलेत, मग इथे कसे? नाही वाटत. ती चहा टाकायला निघते.

आपल्या तुकोबांचं बघ. त्यांना गुरूचा उपदेश स्वप्नात झाला, बाबाजी चैतन्यांनी मस्तकावर हात ठेवला, आणि त्याच अभंगात ते सांगतात की गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नातच त्याचा विसर पडला. पावशेर! आयुष्यातली सर्वात मोठी घटना घडतेय आणि तुपाचं मापसुद्धा लक्षात आहे, आणि ते द्यायचं राहून गेलं हेही लक्षात आहे. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस इतकं नेमकं स्वप्न सांगतो. तुझ्या आजीची कमी साखर आणि तुकोबांचं पावशेर तूप मला एकाच घरातलं वाटतं.

आता शास्त्र काय म्हणतं ते. १९५३ साली अमेरिकेत असेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी झोपेतला तो टप्पा जगापुढे मांडला ज्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, ज्याला आपण रेम झोप म्हणतो. साधारण दर नव्वद मिनिटांनी तो येतो आणि आपली ठसठशीत स्वप्नं बरीचशी त्यातली असतात. पुढे १९९० च्या दशकात मेंदूचे स्कॅन करून बघितलं तर असं दिसलं की या टप्प्यात भावनांशी संबंधित भाग चांगलेच जागे असतात आणि कपाळामागचा जो भाग शंका काढतो, हिशोब जुळवतो, 'थांब, हे कसं शक्य आहे' म्हणतो, तो मात्र मंदावलेला असतो. म्हणजे चित्र स्पष्ट, भावना पक्की, फक्त शंका गायब. मग शूटिंगसुद्धा तसंच करायला नको का? तू धूर सोडलास की प्रेक्षकाच्या मनात शंका जागी केलीस, म्हणजे बरोब्बर उलटं झालं.

हॉल आणि व्हॅन डी कॅसल म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं १९६६ चं पुस्तक आहे, कॉलेजमधल्या शंभर मुलांची आणि शंभर मुलींची प्रत्येकी पाच अशी हजार स्वप्नं त्यांनी वर्गवारी करून तपासली. त्यात उडते राजवाडे आणि राक्षस फार कमी, घर, खोली, रस्ता, ओळखीची माणसं हेच जास्त. आणि आनंदापेक्षा काळजी, भीती, गोंधळ जास्त. आपलीच खोली, आपलाच कप, पण छातीत काहीतरी दाटलेलं.

हे सिनेमावाल्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. हिचकॉकने १९४५ साली स्पेलबाउंड केला, त्यातल्या स्वप्नासाठी त्याने चित्रकार साल्वादोर दालीला बोलावलं. लोकांना वाटतं प्रसिद्धीसाठी, पण हिचकॉकने नंतर स्वतः सांगितलंय की तोपर्यंत पडद्यावरची स्वप्नं म्हणजे कडा धूसर केलेली असायची आणि त्याला ते मोडायचं होतं, त्याला दालीच्या चित्रातली ती लख्ख रेघ हवी होती, लांबच लांब सावल्या, संपत नाही असं अंतर, सगळं बाकीच्या सिनेमापेक्षाही जास्त स्पष्ट. त्याला तर ते उघड्यावर, खऱ्या उन्हात शूट करायचं होतं, निर्मात्याने खर्चापायी नाही म्हटलं आणि स्टुडिओतच करावं लागलं. शेवटी सिनेमात दोन-तीन मिनिटंच उरली, पण बघ ती. आणि दिग्दर्शक बर्गमनचा वाइल्ड स्ट्रॉबेरीज, १९५७ चा, त्यात म्हाताऱ्या प्रोफेसरला पडलेलं पहिलं स्वप्न बघ. रिकामी गल्ली, डोळे दिपतील इतका पांढरा उजेड, दुकानावरच्या घड्याळाला काटेच नाहीत. प्रेतगाडी येते, तिचं चाक दिव्याच्या खांबाला अडकून निखळतं, पेटी रस्त्यावर पडते आणि आतला हात याला धरतो, बघतो तर आत तो स्वतःच. कुठे धूर नाही. मी ते पहिल्यांदा पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये पाहिलं होतं आणि बाहेर आल्यावर भर दुपारचा लक्ष्मी रोड मला बराच वेळ ओळखू येईना.

आता मित्राच्या फ्रॉईडबद्दल. फ्रॉईडचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरात आलं, वर साल मात्र १९०० छापलं होतं, पहिल्या आवृत्तीच्या सहाशे प्रती खपायला आठ वर्षं लागली. नंतरच्या आवृत्त्यांत त्याने चिन्हांची भर बरीच घातली हे खरं, पण त्याची मुख्य पद्धत ती नव्हती. साप म्हणजे हे आणि जिना म्हणजे ते अशी जी पंचांगाच्या मागच्या पानावरची स्वप्नफळं असतात त्यापासून तो सावधच होता. त्याचं म्हणणं, स्वप्नाचा एकेक तुकडा घ्या आणि ज्याला ते पडलं त्यालाच विचारा की यावरून तुला काय आठवतं. म्हणून ते बाळबिळ काढून टाक आणि आजीसमोर बस. विचार, आजोबा खरंच कमी साखर घ्यायचे का? शुगर होती का? ती कुणी कमी करायला लावली? पेपर कुठला? बोलता बोलता आजी कुठेतरी थांबेल बघ, तुझी फिल्म त्या थांबण्यात आहे.

फ्रॉईडची दुसरी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि ती एडिटिंग करणाऱ्या प्रत्येक पोराने वाचावी असं वाटतं. तो म्हणतो, स्वप्नाला 'कारण', 'जर', 'किंवा', 'तरीसुद्धा' असे शब्दच म्हणता येत नाहीत. स्वप्न दोन चित्रं फक्त शेजारी ठेवतं, किंवा एकामागून एक ठेवतं, संबंध काय तो त्यातच. आता सांग, सिनेमा तरी दुसरं काय करतो? एका शॉटला दुसरा शॉट लावतो. 'कारण' नावाचा शॉट नसतो. कादंबरीकार लिहू शकतो 'आजीला अपराधी वाटत होतं कारण', तुला नाही लिहिता येत, तुला पाणी आणि चहाची पातेली एवढंच शेजारी शेजारी ठेवता येतं. म्हणून मला वाटतं मानसशास्त्राने सिनेमाला दिलेली खरी देणगी कटमध्ये आहे, सजावटीत नाही.

तो आणखी एक सांगतो, की स्वप्नात दोन-तीन माणसं किंवा जागा एकात मिसळतात, आणि त्यासाठी उदाहरणच फोटोचं देतो, गॅल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने एकाच प्लेटवर एका घरातले अनेक चेहरे उतरवले होते, त्याचं. आजीला विचार, स्वप्नातलं घर गावभागातलंच आहे ना, की त्यात माहेरचा एखादा कोनाडा घुसलाय. घुसला असेल तर तो सेटवर गुपचूप ठेव, कुणाला सांगू नको.

करायचं कसं म्हणशील तर, एक खोली घे, खाली ताडपत्री, कडेने विटांचा बांध, तीन-चार इंच पाणी पुरे. उजेड खिडकीतूनच येऊ दे, म्हणजे लाईटच्या वायरी जमिनीवर येणार नाहीत, पाण्यात पोरं उभी असणार, यात हयगय नको. कॅमेरा ट्रायपॉडवर, हलवू नको. नेहमीचा स्पीड. आवाज मात्र पूर्ण काढ, पाण्याचा, पंख्याचा, रस्त्याचा सगळा, आणि फक्त पेपर उलटल्याचा आणि 'साखर कमी' एवढंच ठेव. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा मी तीन दिवस गच्चीवर होते, आणि मला आठवतंय ते हेच, रात्री पाण्याचा आवाज येत नव्हता. कृष्णामाई खवळून येते असं आपण लिहितो, गल्लीत मात्र ती मांजरासारखी आली, जिन्याची एकेक पायरी नाहीशी होत गेली आणि कुत्री भुंकायची तीसुद्धा थांबली. तुझ्या आजीचं स्वप्न या बाबतीत अगदी खरं बोलतंय.

प्रश्न : फ्रॉईड यांचा स्वप्नविचार आणि सिनेमाची सुरुवात एकाच काळातली. मग त्यांनी स्वतः कधी चित्रपटासाठी काम केलं का? आपल्याकडे 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' हे शेकडो वर्षं म्हणतात, त्यांनी नवीन ते काय सांगितलं?
— निवृत्त शिक्षक, तासगाव

उत्तर : गुरुजी, काळाचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. फ्रॉईडने स्वतःच्या ज्या स्वप्नाची पहिल्यांदा पूर्ण उकल केली ते २४ जुलै १८९५ चं, आणि पॅरिसला ल्युमिएर बंधूंचा तो प्रसिद्ध तिकीट लावून केलेला खेळ २८ डिसेंबर १८९५ चा. पाच महिन्यांचं अंतर. पुढच्याच वर्षी ७ जुलैला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये खेळ झाला.

पण फ्रॉईडला सिनेमाबद्दल आस्था नव्हती. १९०७ मध्ये रोमच्या एका चौकात संध्याकाळी पडद्यावर चित्रं दाखवायचे, ती गर्दीत उभं राहून बघितल्याचं त्याने घरी पत्रात लिहिलंय, त्यापुढे फारसं काही नाही. १९२५ च्या सुमाराला हॉलिवूडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविन त्याला एक लाख डॉलर द्यायला तयार होता, इतिहासातल्या प्रेमकथांवर सिनेमा करायला मदत करा म्हणून, आणि फ्रॉईडने भेटच नाकारली. त्याच वर्षी बर्लिनहून विचारणा आली, मनोविश्लेषण, म्हणजे मनात दडलेलं उकलायची त्याची पद्धत, समजावून सांगणारा सिनेमा काढू या. फ्रॉईडचं मत पडलं की आपल्या अमूर्त कल्पना चित्रात नीट मांडता येतील असं वाटत नाही. त्याचे दोन सहकारी, कार्ल अब्राहम आणि हान्स झाक्स, यांनी मात्र साथ दिली आणि १९२६ मध्ये दिग्दर्शक पाब्स्टचा सीक्रेट्स ऑफ अ सोल आला. सुरीची भीती वाटणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट, त्यातलं स्वप्न कॅमेऱ्यातच फिल्म परत परत फिरवून, एकावर एक प्रतिमा घेऊन केलेलं. अब्राहम सिनेमा पडद्यावर येण्याआधीच वारला.

मला यात फ्रॉईडचं चुकलं असं मनापासून वाटतं. ज्या माणसाने सांगितलं की स्वप्न विचारांना चित्रात बदलतं, त्यालाच चित्रांवर भरवसा नव्हता.

म्हणीबद्दल. त्याने स्वतःच अशी एक म्हण पुस्तकात दिलीय, हंसिणीला कसली स्वप्नं पडतात तर मक्याची. म्हणजे आपलीच म्हण, शेत वेगळं. नवीन काय सांगितलं तर मनी वसलेलं स्वप्नात सरळ दिसत नाही, वेश बदलून येतं, मोठी गोष्ट कोपऱ्यात जाऊन बसते आणि क्षुल्लक गोष्ट मधोमध येते. यातल्या बऱ्याच गोष्टी पुढच्या संशोधकांनी मान्य केल्या नाहीत. १९७७ साली हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी तर मांडलं की मेंदूच्या तळाकडून येणाऱ्या लहरींना वरचा मेंदू जमेल तसा अर्थ लावतो, तेच स्वप्न, लपवाछपवी वगैरे काही नाही. वाद अजून मिटलेला नाही. दिग्दर्शकांना मात्र दोन्ही बाजूंनी फायदाच झाला, एकाने वेशांतर दिलं, दुसऱ्याने तुटक उड्या.

प्रश्न : ताई, हिंदी सिनेमात हिरो-हिरॉईन डोळे मिटतात आणि एकदम बर्फात गाणं सुरू. याला मानसशास्त्र म्हणायचं का? मला तर लहानपणी तेच खरं स्वप्न वाटायचं, आणि माझ्या स्वप्नात बर्फ का येत नाही याचं वाईट वाटायचं.
— एक गृहिणी, मिरज

उत्तर : ते गाणं म्हणजे इच्छा, आणि इच्छा दाखवायला काही हरकत नाही, पण झोपेतलं स्वप्न ते नव्हे. मिरजेच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मुलीच्या स्वप्नात बर्फ कुठून येणार, स्वप्न साठ्यातला माल वापरतं, तुमच्या स्वप्नात दर्ग्याचा उरूस येईल, स्टेशनवरचा पूल येईल.

पण हिंदी सिनेमाने एकदा खरंच मोठी उडी मारली होती, १९५१ च्या आवारामध्ये. सुमारे नऊ मिनिटांचं स्वप्न आहे, ढग, वर जाणारे जिने, अवाढव्य मूर्ती, खाली आगीचा नरक. कलादिग्दर्शन आपल्या एम. आर. आचरेकरांचं. लोक ते गाणं म्हणून लक्षात ठेवतात, पण नीट बघा, नायकाला चांगलं व्हायचंय आणि त्याला मागे ओढणारा तो गुंड स्वप्नातही हात सोडत नाही. कथेतला सगळा पेच तिथे आहे. ढग आहेतच, तरी मी ते माफ करते, कारण त्या ढगांत भीती खरी आहे.

आणि सत्यजित राय यांचा नायक बघा, १९६६ चा, उत्तमकुमार आहे. रेल्वेच्या डब्यात झोपलेल्या सुपरस्टारला स्वप्न पडतं की तो नोटांच्या डोंगरातून खुशीत चालतोय, मग सांगाड्याचे हात दिसतात, हातात वाजणारे टेलिफोन, आणि तो नोटांमध्ये रुतत जातो. ज्या गुरूचा शब्द त्याने मोडला तोच समोर येतो, हात पुढे होतो आणि पोचत नाही. शेतात चिखलात पाय रुतलाय आणि काढायला येणारा माणूस हातभर लांब राहिलाय, ही भीती आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही.

तुमच्यासाठी एक सुचवते, जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ड्रीम्स, १९९० चा, आठ स्वप्नांचा. पहिलं स्वप्न एका लहान मुलाचं आहे, ऊन पडलंय आणि पाऊसही पडतोय, आई सांगते बाहेर जाऊ नको, आज कोल्ह्यांची लग्नं लागतात. जपानमधली आई! आपणही ऊन-पाऊस एकदम आला की अंगणात हेच ओरडत होतो की नाही? मी ते बघताना सीटवर ताठ बसले होते.

प्रश्न : वय ७६. मला स्वप्नं कायम काळी-पांढरी पडतात. नातवंडं हसतात, म्हणतात आजोबा जुना टीव्ही आहेत. आम्ही सिनेमा बघितला तो पुसेगावच्या यात्रेत, तंबू टॉकीजमध्ये, मातीत बसून. याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : काका, नातवंडांना म्हणावं हसू नका, बसा आणि ऐका. संबंध आहे असं मानायला चांगला आधार आहे.

अमेरिकेत १९४२ साली कॉलेजच्या मुलांना विचारलं होतं, स्वप्नात रंग दिसतात का. जवळपास ७० टक्के मुलांनी सांगितलं क्वचितच किंवा कधीच नाही. साधारण साठ वर्षांनी तोच प्रश्न दुसऱ्या पिढीच्या मुलांना विचारला तर तसं म्हणणारे २० टक्क्यांच्याही आत. आणि २००८ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं की ज्या वडीलधाऱ्यांचं बालपण काळ्या-पांढऱ्या सिनेमा-टीव्हीवर गेलं त्यांच्या सांगण्यात काळी-पांढरी स्वप्नं जास्त. फ्रॉईडच्या पुस्तकातल्या लोकांच्या स्वप्नांत रंग सरळ येतात, तेव्हा घरोघरी सिनेमा पोचला नव्हता. म्हणजे आपण आत्तापर्यंत बोलत होतो की स्वप्नाने सिनेमाला काय दिलं, तुमचं पत्र उलटी बाजू दाखवतं.

यात एक बारकावा आहे. श्विट्झगेबल म्हणून एक तत्त्वज्ञ आहेत, ज्यांनी हा प्रश्न परत उकरून काढला, ते विचारतात की स्वप्नच काळं-पांढरं पडतं, की उठल्यावर आठवताना आपण ते ओळखीच्या पडद्यासारखं आठवतो? वाचलेल्या गोष्टीत साडीचा रंग लिहिलेला नसतो म्हणून ती साडी काळी-पांढरी होत नाही ना, तसं. मला हा प्रश्न रात्री झोपताना कितीदा आठवतो.

तंबू टॉकीज म्हणालात आणि मी पण तिथे पोचले बघा. आमच्याकडे जत्रेत वडील घेऊन जायचे. रात्रीचा दुसरा खेळ, खाली पोतं, मागे मशीनची घरघर, आणि मशीनमधून निघालेल्या उजेडाच्या पट्ट्यात बिड्यांचा धूर वर चढत असायचा. मी पहिल्या रिळातच वडिलांच्या मांडीवर झोपायचे, रीळ बदलायला खेळ थांबला की लोकांच्या आवाजाने उठायचे, परत सुरू झाला की परत झोप. सकाळी मी घरी गोष्ट सांगायचे ती अर्धी सिनेमातली आणि अर्धी माझी, आणि वडील एकदाही म्हणाले नाहीत की असं नव्हतं. पुढे मी बस्टर कीटनचा शेरलॉक ज्युनिअर बघितला, १९२४ चा मूकपट, त्यात सिनेमा चालवणारा ऑपरेटर मशीनपाशी झोपतो, त्याच्यातून दुसरा एक तो उठतो आणि चालत जाऊन पडद्यात शिरतो. आत गेल्यावर त्याच्या पायाखालची जागा सारखी बदलते, बाग, रस्ता, कडा, समुद्र, तो बसायला जातो आणि बाकडंच गायब. शंभर वर्षं झाली त्याला. तो नातवंडांबरोबर बघा, पाऊण तासाचाच आहे, आणि काळा-पांढराच आहे.

प्रश्न : इन्सेप्शन बघितला तेव्हापासून डोक्यात आहे, स्वप्नात खरंच वेळ ताणला जातो का? पाच मिनिटांत एक तास?
— कराड

उत्तर : नाही. काही लोकांना स्वप्नातच कळतं की आपण स्वप्नात आहोत, आणि १९७५ पासून अशा लोकांनी झोपेत डोळे ठरवल्याप्रमाणे डावी-उजवीकडे हलवून बाहेरच्या संशोधकांना खूण दिलीय (शरीर लुळं असतं पण डोळे हलतात). स्टीफन लाबर्ज नावाच्या संशोधकाने अशा लोकांना स्वप्नात दहापर्यंत मोजायला सांगितलं, तर वेळ जागेपणाइतकाच लागला. पुढे दुसऱ्या संशोधकांनी उठाबशांसारखी हालचाल करायला लावली तेव्हा उलट थोडा जास्तच लागला. मग तासाभराचं स्वप्न कसं वाटतं? मधला प्रवास गाळलेला असतो म्हणून. घरातून निघालो आणि लगेच महाबळेश्वरला. ते एडिटिंग आहे, आणि नोलनच्या या इन्सेप्शनमध्ये मला तो कॅफेतला प्रश्नच सगळ्यात आवडतो, आपण इथे आलो कसे ते आठवतंय का?

प्रश्न : मॅडम, मी टेम्पो चालवतो. दोन वर्षापूर्वी हायवेला आपला अपघात झाला, क्लीनर पोरगं दगावलं. झोप लागली की तेच दिसतंय, ब्रेक दाबतोय आणि लागत नाही, काच फुटतीया, मी उठतो. आठवड्यात तीन-चार येळा. सिनेमाचं मला काय कळत नाही, पण बायकोनं तुमचं पान दाखवलं म्हणून लिहितोय.
— कुपवाड

उत्तर : दादा, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

या पानावर मी सिनेमाचं लिहिते, डॉक्टर नाही, म्हणून पहिली गोष्ट आधी सांगते, आठवड्यात तीन-चार वेळा तेच स्वप्न पडत असेल आणि तुम्हाला गाडी चालवायची असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवाच, सरकारी दवाखान्यातही असतात. टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. अपघातानंतर असं होणं हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, त्यात तुमचा कमकुवतपणा काही नाही.

दुसरी गोष्ट अशी की या आजारावरची एक पद्धत ऐकून मी चकितच झाले होते, कारण ती हुबेहूब पटकथा लिहिण्यासारखी आहे. डॉक्टर बॅरी क्रॅको यांनी ती वापरून अत्याचार सोसलेल्या बायकांवर मोठी चाचणी केली, २००१ साली ती प्रसिद्ध झाली, आणि बऱ्याच जणींची भयानक स्वप्नं कमी झाली. करायचं काय, तर दिवसा, पूर्ण जागेपणी, ते स्वप्न वहीत लिहायचं आणि ते बदलायचं. कुठेही बदला, कसंही बदला. ब्रेक लागतो असं लिहा, किंवा टेम्पो रस्ता सोडून शाळवाच्या रानात हळू जाऊन थांबतो असं लिहा, पोरगं खाली उतरून चहा प्यायला हाक मारतं असं लिहा. मग ते नवीन स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून बघायचं, सिनेमा बघितल्यासारखं. जुनं आठवत बसायचं नाही, फक्त नवीन.

पोरगं परत येणार नाही आणि ही वही ते विसरायला नाही, हे मला माहिती आहे, तुम्हालाही आहे. नवीन स्वप्नात त्याला घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. सुरुवातीला जड जाईल, एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांना ही पद्धत सांगा, त्यांच्यासमोर करा. वहिनींना शेजारी बसवा, लिहायला त्रास होत असेल तर तुम्ही सांगा आणि त्या लिहितील. रात्री नीट झोप झाली नसेल त्या दिवशी लांबची फेरी घेऊ नका. आणि महिन्याभराने मला दोन ओळी पाठवा, छापणार नाही, मला फक्त कळू दे.